कॉलेजची पीटी आता प्रोजेक्टमध्ये: मार्क पावलांना मिळणार की प्रश्नाला?

२ नोव्हेंबर २०२५ची रात्र. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि पहिल्यांदाच एकदिवसीय वर्ल्ड कप जिंकला. नवी मुंबईत त्या रात्री फटाके वाजले, पाम बीच रोडवर गाड्यांचे हॉर्न वाजले आणि रील्सचा पूर आला. हे स्टेडियम एका विद्यापीठाच्या आवारात आहे. म्हणजे जगज्जेतेपदाची मॅच झाली ती मुलामुलींच्या लेक्चर हॉलपासून चालत जाता येईल अशा अंतरावर.

आता दुसरा आकडा बघा. 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात जून २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के आहे, पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के. 'पुरेशी' म्हणजे फार काही नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा वेगाने चालण्यासारखा व्यायाम, किंवा ७५ मिनिटं दम लागेल असा. जागतिक आरोग्य संघटनेचा हा निकष आहे. जगभर तो पूर्ण न करणारे प्रौढ ३१ टक्के आहेत, साधारण १८० कोटी माणसं. भारत या सरासरीच्या बराच मागे आहे.

बारावीपर्यंत आठवड्यातून एखादा पीटीचा तास तरी असतो. तोही गणिताच्या सरांनी घेतला नाही तर. कॉलेजात मात्र खेळणारे जिमखान्यात जातात आणि बाकीचे कँटीनमध्ये. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल कुणी प्रश्नही विचारत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र आरोग्य आणि शारीरिक शिक्षण पदवीच्या क्रेडिटमध्ये आलं आहे आणि त्याबरोबर 'डिजिटल प्रोजेक्ट' हा शब्दही आला आहे. म्हणजे नेमकं काय करायचं? फोनवर ॲप टाकून रोजच्या पावलांचा स्क्रीनशॉट सरांना पाठवायचा? तेवढंच असेल तर त्यातून काही शिकायला मिळतं का?

पीटीला क्रेडिट कसं मिळालं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी नवा क्रेडिट आराखडा दिला. महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने राज्यातल्या विद्यापीठांसाठी रचना ठरवली. स्वायत्त कॉलेजांत ती २०२३-२४ पासून सुरू झाली, विद्यापीठांशी संलग्न बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून. नवी मुंबईतली बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे त्यांनाही ती लागू झाली.

या रचनेत 'सहअभ्यासक्रम' नावाचा एक खण आहे. आरोग्य आणि निरामयता, योग, खेळ आणि तंदुरुस्ती, एनएसएस, एनसीसी, कला असे पर्याय त्यात बसतात. शेजारीच 'क्षेत्र प्रकल्प' आणि 'समाज सहभाग' हे आणखी दोन खण आहेत. या दोन्हींत वर्गाबाहेर जाऊन काम करणं अपेक्षित आहे. शारीरिक शिक्षणाचा डिजिटल प्रोजेक्ट या तिन्हींच्या सीमेवर उभा आहे.

तासांचा हिशोबही बघायला हवा. प्रात्यक्षिकाचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. २ क्रेडिटचा विषय घेतला तर ६० तास होतात. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला ४ तास. आता एफवायच्या दोन तुकड्या धरा, एक क्रीडा संचालक धरा आणि दुसऱ्या संस्थेबरोबर वाटून घेतलेलं एक मैदान धरा. सगळ्यांना आठवड्याला ४ तास मैदानावर आणणं कुठल्याही वेळापत्रकात बसत नाही. डिजिटल प्रोजेक्टकडे कॉलेजं वळतात त्यामागे नव्या शिक्षणाची हौस असते तशी जागेची अडचणही असते. हे मान्य केलं की पुढची चर्चा जास्त प्रामाणिक होते.

प्रोजेक्ट म्हणजे फाईल नव्हे

आपल्याकडे 'प्रोजेक्ट' म्हटलं की स्पायरल बाइंडिंग, पहिल्या पानावर आभार आणि आत विकिपीडिया, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मूळ कल्पना वेगळी आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये 'प्रकल्प पद्धत' या नावाचा निबंध लिहिला. मुलं मन लावून, एखादा हेतू धरून काम करतात तेव्हा शिकतात, असं त्याचं सूत्र होतं. त्यांच्यावर जॉन ड्यूई यांच्या विचारांचा प्रभाव होता. महाराष्ट्राला याच्या जवळची गोष्ट आणखी एका वाटेने माहीत आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली. हाताने करायचं काम हेच शिकण्याचं साधन, असा तिचा गाभा होता.

शरीराचं मोजमाप करून शिकणं हेही आपल्याकडे नवं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. योगक्रियांमुळे शरीरात काय बदल होतात ते प्रयोगशाळेत, एक्स-रे आणि दाब मोजणाऱ्या यंत्रांनी तपासायचं, हा त्यांचा आग्रह होता. 'करून बघा, बरं वाटेल' असं न सांगता 'मोजू या, मग बोलू' असं ते सांगत होते. तेव्हा त्यासाठी प्रयोगशाळा लागायची. आज त्यातली काही साधनं खिशातल्या फोनमध्ये आहेत.

म्हणून डिजिटल प्रोजेक्टची साधी ओळख अशी सांगता येईल: विद्यार्थ्यांचा स्वतःचा प्रश्न, त्या प्रश्नासाठी स्वतः गोळा केलेली माहिती, ती माहिती खरी आहे का याची तपासणी, आणि शेवटी कॉलेजबाहेरच्या कुणाच्या तरी हाती देता येईल असं काहीतरी. ॲप हे यातलं हत्यार आहे. ॲपने काढून दिलेला आलेख म्हणजे प्रोजेक्ट नाही.

समजा, प्रश्न असा आहे…

नेरूळमधल्या एखाद्या कॉलेजातल्या पाच जणांचा गट धरू. त्यांचा प्रश्न: स्टेशनपासून कॉलेज पायी जाता येण्याजोगं आहे, तरी मुलं शेअर रिक्षा का पकडतात?

प्रश्न अगदी साधा वाटतो. पण नवी मुंबई हे आधी नकाशावर आखलेलं आणि मग बांधलेलं शहर आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. वेगवेगळे नोड, त्यात सेक्टर, मध्ये रेल्वे आणि रुंद रस्ते, अशी रचना झाली. कागदावर जवळ दिसणारी दोन ठिकाणं पायी जाताना लांब पडतात. मध्ये महामार्ग येतो, रूळ येतात, नाला येतो, सोसायटीची भिंत येते. सायन-पनवेल महामार्गाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला पायी गेलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

गटाचं पहिलं काम म्हणजे नकाशावरचं सरळ अंतर आणि प्रत्यक्ष चालायचं अंतर यांची तुलना. फोनचं जीपीएस चालू ठेवून वाट नोंदवायची. वाटेत सिग्नलला किती सेकंद थांबावं लागलं, फूटपाथ कुठे तुटला, कुठे त्यावर दुचाक्या उभ्या होत्या, सावली किती अंतरात होती, अंधार पडल्यावर कुठल्या तुकड्यात दिवे नव्हते, हे टिपायचं. हीच वाट सकाळी, दुपारी आणि सहानंतर पुन्हा चालायची. गटात मुली असतील तर त्यांची नोंद वेगळी ठेवायची, कारण सबवेमधून सात वाजता जाणं हा मुलासाठी आणि मुलीसाठी सारखा अनुभव नसतो. मग पन्नासेक विद्यार्थ्यांना गूगल फॉर्मवर चार-पाच प्रश्न विचारायचे. जास्त नकोत. वीस प्रश्नांचा फॉर्म कुणी मन लावून भरत नाही.

इथे आरोग्याचा धडा आपोआप येतो. स्टेशन ते कॉलेज १५ मिनिटं लागत असतील, तर जाऊन-येऊन दिवसाला ३० मिनिटं होतात. आठवड्याचे पाच दिवस म्हणजे बरोबर १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेचा किमान निकष, जिमची फी न भरता. मग हे १५० मिनिटांचं चालणं कशामुळे हुकतं? आळसामुळे, दप्तराच्या ओझ्यामुळे, उन्हामुळे, की तुटलेल्या फूटपाथमुळे? 'आजची पिढी आळशी आहे' या वाक्याला अशा माहितीनेच उत्तर देता येतं, किंवा ते खरं असेल तर तेही कळतं.

शेवटी हा नकाशा कुणाला द्यायचा हेही मुलांना शोधावं लागतं. नेरूळ, वाशी, बेलापूर नवी मुंबई महापालिकेत येतात. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येतात. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे, ती सिडकोची. फूटपाथ कुणाचा आणि स्टेशनबाहेरचा चौक कुणाचा हे शोधताना जे नागरिकशास्त्र शिकायला मिळतं, ते पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहतं.

फोन नेमकं काय मोजतो?

या सगळ्या प्रकारात सर्वात मोलाचा भाग इथे आहे आणि नेमका तोच बहुतेक वेळा गाळला जातो.

फोन पावलं बघत नाही. त्याच्या आत एक छोटा सेन्सर असतो, जो तीन दिशांना होणारे हिसके मोजतो. माणूस चालतो तेव्हा या हिसक्यांना एक ठरावीक लय येते. सॉफ्टवेअर त्या लयीतले चढ मोजतं आणि प्रत्येक चढाला एक पाऊल म्हणतं. फार जलद किंवा फार मंद चढ ते सोडून देतं. म्हणजे पावलांचा आकडा हा एक अंदाज आहे. चांगला अंदाज, पण अंदाजच.

तो किती चुकतो हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. तोंडाने मोजत १०० पावलं चालायचं आणि फोनने किती मोजली ते बघायचं. एकदा फोन जीन्सच्या खिशात ठेवून, एकदा सॅकमध्ये, एकदा हातात धरून, एकदा अगदी हळू चालत. प्रत्येक प्रकार दहा वेळा. मग चूक टक्क्यांत काढायची. अर्ध्या तासात वर्गाला कळतं की एकाच माणसाची एकाच दिवसाची पावलं फोन कुठे ठेवला यावर बदलतात.

मग पुढचा प्रश्न येतो: फोन खिशात कुणाच्या असतो? कुर्ता-लेगिंग्जला खिसा नसतो. मुलीचा फोन पर्समध्ये किंवा बाकावर असतो. घरी गेल्यावर तो ओट्यावर किंवा चार्जिंगला असतो आणि ती स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या घालत असते. त्या फेऱ्या कुठेच नोंदल्या जात नाहीत. २०१७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १११ देशांतल्या ७ लाखांहून जास्त लोकांच्या फोनमधली पावलं तपासली. त्यात भारताची सरासरी दिवसाला ४,२९७ पावलं निघाली, हाँगकाँगची ६,८८०. अनेक देशांत महिलांची पावलं पुरुषांपेक्षा कमी दिसली. यातला किती फरक खऱ्या चालण्यातला आणि किती खिशाचा, हा प्रश्न एफवायच्या मुलीही स्वतःच्या वर्गात तपासू शकतात. दोन दिवस फोन कमरेला बांधून, दोन दिवस नेहमीसारखा ठेवून. लॅन्सेटमधला ५७ टक्क्यांचा आकडा फोनवरून काढलेला नाही, तो सर्वेक्षणांवरून आलेला आहे. म्हणून महिलांची हालचाल कमी आहे हे खिशाचं कारण देऊन उडवूनही लावता येत नाही. माहितीचे दोन प्रकार शेजारी ठेवून बघायची सवय इथेच लागते.

रोज १०,००० पावलं हे लक्ष्यही तपासून बघण्यासारखं आहे. ते कुठल्या डॉक्टरांच्या परिषदेत ठरलेलं नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये 'मान्पो-केई' नावाचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. आकडा गोल होता, लोकांना आवडला आणि टिकला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क महिलांवर झालेल्या आय-मिन ली यांच्या अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका कमी झालेला दिसला आणि ७,५००च्या आसपास फायदा स्थिरावला. त्या बायकांचं सरासरी वय ७२ होतं, त्यामुळे हा आकडा १८ वर्षांच्या मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही. पण '१०,००० झालेच पाहिजेत' असं म्हणणाऱ्या ॲपला प्रश्न विचारता येतो.

खारघरचं ते मैदान

नवी मुंबईत आरोग्याच्या प्रोजेक्टला ऊन टाळून चालत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक तासन् तास उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी परिसरात नोंदलं गेलेलं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. विदर्भातल्या माणसाला हा आकडा फारसा भीतिदायक वाटणार नाही.

खाडीकाठी मात्र हवेतला दमटपणा जास्त असतो. घाम येतो, पण वाळत नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होतं. म्हणून कोकणपट्टीत फक्त तापमान बघून मैदानावर जायचं की नाही हे ठरवणं धोक्याचं आहे. तापमान आणि आर्द्रता दोन्ही बघावी लागतात. हवामान विभागाची माहिती मोफत मिळते. ट्रॅकवर, झाडाखाली आणि सिमेंटच्या कोर्टवर एकाच वेळी साधा तापमान-आर्द्रता मापक ठेवून तासातासाला नोंद केली, की कॉलेजच्या मैदानाचं वेळापत्रक कसं असावं याचा पुरावा हातात येतो. असा तक्ता जिमखान्याच्या दारावर लागला तर त्याचा उपयोग पुढच्या बॅचलाही होतो.

हवेचंही तेच. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला लागून असलेल्या वस्त्यांत वासाच्या आणि धुराच्या तक्रारी जुन्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेचा निर्देशांक दिसतो. १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट. धावण्याचा सराव सकाळी घ्यायचा की संध्याकाळी, हे 'सकाळची हवा शुद्ध असते' या समजुतीवर न ठरवता महिनाभराची नोंद करून ठरवता येतं. थंडीत सकाळची हवा बऱ्याचदा जास्त वाईट निघते, कारण थंड हवेत धूर खालीच अडकून राहतो.

मैदानावर कॅमेरा

खेळणाऱ्या मुलांसाठी फोनचा स्लो मोशन कॅमेरा फार कामाचा आहे. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो, स्लो मोशन २४० पर्यंत. खो-खोत खांबाला वळसा घालताना नेमका किती वेळ जातो, कबड्डीत चढाई करणाऱ्याचा मागचा पाय कधी उचलला जातो, हे डोळ्यांना दिसत नाही. ते चित्रागणिक मोजता येतं. 'किनोव्हिया'सारखं मोफत सॉफ्टवेअर कोन आणि अंतर काढून देतं. एकच पथ्य: कॅमेरा स्टँडवर आणि हालचालीला काटकोनात हवा. तिरका लावला की कोन चुकतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

मार्क कशाला?

खरा वाद इथे आहे. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधल्या ओरल रॉबर्ट्स विद्यापीठाची बातमी जगभर गाजली. नव्या विद्यार्थ्यांनी फिटबिट बँड घालायचा, रोज १०,००० पावलांचं लक्ष्य ठेवायचं आणि ती माहिती शारीरिक शिक्षणाच्या गुणांसाठी विद्यापीठाकडे जाणार. त्याआधी हीच मुलं आपल्या व्यायामाची नोंद हाताने वहीत लिहीत होती. विद्यापीठाच्या दृष्टीने ही फक्त सोय होती. टीका झाली ती मनगटावरून थेट सर्व्हरवर जाणाऱ्या माहितीवर.

पण माहितीच्या गुप्ततेइतकाच दुसरा एक मुद्दा महत्त्वाचा आहे. गुण पावलांना दिले की मुलं पावलं वाढवतात आणि पावलं वाढवायला चालावंच लागतं असं नाही. फोन पंख्याला बांधता येतो. फोन धाकट्या भावाला देता येतो. आकड्याला बक्षीस दिलं की आकडा मिळतो, सवय मिळेलच असं नाही. ब्रिटनमध्ये १३-१४ वर्षांच्या मुलांना ८ आठवडे फिटबिट घालायला दिल्यावर, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शार्लट कर्नर आणि व्हिक्टोरिया गुडइयर यांच्या अभ्यासात मुलांची स्वतःहून व्यायाम करण्याची ओढ कमी झालेली आढळली. मित्रांशी तुलना आणि लक्ष्याचा दबाव ही कारणं पुढे आली.

त्यात शरीरं सारखी नसतात. दम्याची मुलगी, लहानपणी पायाला पोलिओ झालेला मुलगा, पाळीच्या पहिल्या दिवशी उठवत नसलेली मुलगी, रात्रपाळी करून सकाळी कॉलेजला येणारा विद्यार्थी. पावलांना गुण दिले तर हे सगळे आधीच मागे पडतात. जुन्या पीटीत हेच होत होतं, फक्त तेव्हा शिट्टी होती आणि आता ॲप आहे. गुण प्रश्नाला, मोजण्याच्या पद्धतीला, चुकांच्या तपासणीला आणि निष्कर्ष मांडण्याला दिले तर व्हीलचेअरवरचा विद्यार्थीही वर्गातला सर्वोत्तम प्रोजेक्ट करू शकतो. उलट रोज पाच किलोमीटर पळणाऱ्याला फक्त पळण्याचे गुण मिळत नाहीत. हे पळणाऱ्याला थोडं अन्यायाचं वाटेल. त्याच्यासाठी जिमखान्याची स्पर्धा आहेच.

अर्थात, याची दुसरी बाजूही शिक्षक मांडतात आणि ती चुकीची नाही. सत्रभर एक्सेल शीट भरून मूल जागेवरून हललंच नाही, तर त्याला शारीरिक शिक्षण कसं म्हणायचं? म्हणून प्रश्नच असा निवडावा लागतो की उत्तर शोधायला अंग हलवावं लागेल. स्टेशन ते कॉलेजची वाट खुर्चीत बसून मोजता येत नाही. इंटरनेटवरून निबंध जमवण्याचा किंवा एआयकडून अहवाल लिहून घेण्याचा धोका इथे थोडा कमी होतो तो यामुळेच. शिक्षकांनी अंतिम अहवालाबरोबर वेळेसकट मूळ नोंदी आणि वाटेवरचे फोटो मागितले की कुठली माहिती चालून आली आणि कुठली बसून तयार केली, हे लगेच कळतं. खऱ्या नोंदींत भोकं असतात: एखाद्या दिवशी फोन बंद पडलेला असतो, एखादा दिवस राहून गेलेला असतो. ती भोकं तशीच दाखवणाऱ्या गटाला जास्त गुण द्यायला हवेत.

डेटा कुणाचा?

वजन, उंची, कंबर, हृदयाचे ठोके, झोप, पाळीची तारीख. आरोग्याच्या प्रोजेक्टमध्ये हे सगळं सहज मागितलं जातं आणि त्याहून सहज वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं. बीएमआयची यादी नावासकट ग्रुपवर आली की त्यानंतरची वर्षभराची टोपणनावं ठरलेली असतात. आणि बीएमआय स्नायू आणि चरबीत फरक करत नाही. चांगल्या कुस्तीगीराचा बीएमआय 'जास्त वजन' दाखवू शकतो.

'डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा' ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कॉलेजांनी त्यातली एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्यायला हवी. कायद्याच्या दृष्टीने १८ वर्षांखालची व्यक्ती मूल आहे आणि तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. एफवायला प्रवेश घेणारी बरीच मुलं तेव्हा १७ वर्षांची असतात.

नकाशे त्याहून फसवे. 'स्ट्राव्हा' या धावपटूंच्या ॲपने २०१७च्या अखेरीस जगभरातल्या वापरकर्त्यांच्या वाटांचा एक चमकता नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रुसर या ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की वाळवंटात, जिथे काहीच नसायला हवं, तिथे चमकत्या रेषा आहेत. त्या सैनिकी तळांवर जॉगिंग करणाऱ्या जवानांच्या होत्या. कॉलेजातल्या मुलीची रोज सकाळची वाट ही त्याहून कमी जोखमीची माहिती नाही. म्हणून वाटेच्या नकाशातून घराजवळचे पहिले दोन-तीनशे मीटर काढून टाकायचे, नावांऐवजी क्रमांक वापरायचे, आणि सत्र संपल्यावर मूळ फाईल पुसायची. कुणी माहिती द्यायला नाही म्हटलं तर त्याचे गुण कापायचे नाहीत. त्याला दुसरा प्रश्न द्यायचा.

घड्याळ नसेल तर

स्मार्टवॉच सगळ्यांकडे नसतं आणि त्यावाचून अडतही नाही. मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजायची आणि चारने गुणायचं. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, आठवडाभर घेतलेली ही नोंद बऱ्याच स्वस्त बँडपेक्षा भरवशाची ठरते. १२ मिनिटांत किती अंतर धावता येतं यावरून दमसास मोजण्याची पद्धत अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये दिली. तिला एक ट्रॅक आणि एक घड्याळ पुरतं. मात्र सवय नसलेल्या मुलांना थेट पूर्ण ताकदीने १२ मिनिटं पळवायचं नसतं. आधी छातीत दुखणं, चक्कर, दमा, घरातला हृदयविकार याबद्दल प्रश्नावली भरून घ्यायची आणि काही आठवडे तयारी करून घ्यायची.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी ॲपलच्या घड्याळात २०१६ पासून चाकाला दिलेले ढकल मोजण्याची सोय आहे. स्वस्त बँडमध्ये ती सहसा नसते. तिथे व्हीलचेअरच्या चाकाला रंगीत फीत लावून फेरे मोजले आणि चाकाच्या परिघाने गुणले की अंतर निघतं. हा हिशोब गटातल्या सगळ्यांनी मिळून करण्यासारखा आहे.

फायदा होतो का?

मोजल्याने माणूस थोडा जास्त हलतो, एवढं खात्रीने सांगता येतं. 'द लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये २०२२ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, हालचाल मोजणारी उपकरणं वापरणारे लोक दिवसाला सरासरी १,८०० पावलं जास्त चालतात असं दिसलं. वजनातला फरक मात्र साधारण एक किलोचा होता. वजन उतरवण्याचं आमिष दाखवून प्रोजेक्ट विकणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा.

नवी मुंबईतल्या कॉलेजांपुढे आणखी एक व्यावहारिक अडचण आहे, ती कॅलेंडरची. पहिलं सत्र पावसाळ्यात सुरू होतं. जुलै-ऑगस्टमध्ये सबवेत पाणी असतं, मैदानावर चिखल असतो, हार्बर लाइन उशिरा धावत असते आणि पावलं आपोआप कमी होतात. दुसऱ्या सत्रात ऊन वाढत जातं आणि ते तापतं तोवर परीक्षा येतात. दोन सत्रांचे आकडे शेजारी ठेवून 'मुलांची हालचाल वाढली' असं म्हणणं म्हणजे पाऊस थांबल्याचं श्रेय प्रोजेक्टला देणं. पहिल्या सत्रात पावलांचा प्रोजेक्ट घेणाऱ्या गटांनी तक्त्यात तारीख, वेळ आणि अंतर यांच्या शेजारी पावसाचा रकाना पहिल्याच दिवशी आखून ठेवावा. सप्टेंबरमध्ये आठवणीवरून तो भरता येत नाही.